सामूहिक तीव्र व्यायाम, दुखापत आणि भौतिकोपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

घड्याळाच्या काट्यावर, संगीताच्या तालावर आणि इतरांच्या बरोबरीने अल्पावधीत अधिकाधिक श्रम करणे हे आजच्या सामूहिक तीव्र व्यायामाचे मुख्य लक्षण होय. त्यातून होणाऱ्या दुखापती हा केवळ नव्या काळाचा प्रश्न मानला जातो. भौतिकोपचार म्हणजे दुखापत झाल्यानंतर घ्यावयाचा उपचार, असाही सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आधुनिक सामूहिक व्यायाम आणि भौतिकोपचार यांचा एक महत्त्वाचा उगम समान आहे. हे दोन प्रवाह कसे विभक्त झाले, त्याचे परिणाम काय झाले आणि ते पुन्हा जवळ का येत आहेत, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

समान उगम

स्वीडनमधील तलवारबाजीचे शिक्षक पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांच्या पुढाकाराने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे राजकीय केंद्रीय व्यायाम संस्था स्थापन झाली. लिंग यांनी व्यायामाचे शैक्षणिक, लष्करी, वैद्यकीय आणि सौंदर्यविषयक असे चार विभाग कल्पिले होते. एकाच पद्धतीत रांगेने, आज्ञेबरहुकूम करावयाची कवायत होती आणि रुग्णाच्या एकेका सांध्याला हाताने दिलेली हालचालही होती. सोप्या हालचालींकडून अवघड हालचालींकडे क्रमाने जावे, हे सूत्र तिच्यात होते. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांनी १८८१ पासून ही कवायत लंडनच्या शाळांत रुजविली. स्वीडनमध्ये १८८७ मध्ये व्यायामोपचारकांच्या शासकीय नोंदणीस प्रारंभ झाला, तर इंग्लंडमध्ये १८९४ मध्ये प्रशिक्षित मर्दनकार स्त्रियांची संघटना उभी राहिली.

दोन वाटा

पुढे कवायत शाळा व सैन्याकडे गेली आणि उपचार रुग्णालयाकडे गेला. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनामुळे अमेरिकेत या व्यवसायाला निश्चित रूप आले. १९२१ मध्ये तेथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि मेरी मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. भारतात १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. त्यामागे पोलिओने अपंगत्व आलेल्या रुग्णांची निकड होती. परिणामी उपचारकाची दृष्टी दुखावलेल्या एका देहावर स्थिरावली, तर व्यायामशिक्षकाची दृष्टी संपूर्ण रांगेवर राहिली. रांगेत उभ्या असलेल्या, अद्याप न दुखावलेल्या एका व्यक्तीकडे पाहण्याचे काम कोणाकडेच उरले नाही.

एरोबिक्सचा धडा

केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील दोन दशकांत संगीताच्या तालावरील सामूहिक व्यायाम अमेरिकेत लोकप्रिय झाला. १९८५ मध्ये तेथे प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणांत सुमारे तीन चतुर्थांश प्रशिक्षकांनी दुखापतींची नोंद केली होती; नडगीच्या तक्रारी त्यांत प्रमुख होत्या. शिकविणाराच सर्वाधिक वेळा उड्या मारतो, त्यामुळे त्याचेच पाय अधिक दुखावणे स्वाभाविक होते. याच काळात अमेरिकेतील प्रशिक्षिका जिन मिलर यांनी दुखावलेला गुडघा बळकट करण्यासाठी पायरीवर चढ-उतार करण्याचा सराव केला. त्यातूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्टेप एरोबिक्स’ हा प्रकार आकारास आला. पुनर्वसनाचा व्यायाम सामूहिक वर्गात परतल्याचे हे बोलके उदाहरण होय.

तीव्रतेचे युग

जपानमधील इझुमी तबाता व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वीस सेकंद तीव्र श्रम व दहा सेकंद विश्रांती या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो प्रयोग स्थिर सायकलवर, निवडक तंदुरुस्त तरुणांवर झाला होता. पुढे हेच वेळापत्रक उड्या, वजने आणि सर्व वयोगटांच्या वर्गांना लावण्यात आले. वेळेचे सूत्र उचलले गेले. प्रयोगाच्या मर्यादा मात्र मागे राहिल्या. २००० मध्ये ग्रेग ग्लासमन यांच्या पुढाकाराने क्रॉसफिट ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली आणि तीव्र व्यायामास स्पर्धेचीही जोड मिळाली. अतिश्रमाने स्नायुतंतू तुटून त्यांतील घटक रक्तात मिसळतात व मूत्रपिंडांस इजा होऊ शकते. ऱ्हॅब्डोमायोलिसिस नावाच्या या धोक्याची दखल २०११ मध्ये अमेरिकी लष्करी आरोग्यतज्ज्ञ व क्रीडावैद्यक महाविद्यालय यांच्या संयुक्त निवेदनात घेतली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८६ क्रॉसफिट व्यायामपटूंच्या सर्वेक्षणात सुमारे एक पंचमांश व्यक्तींनी दुखापत नोंदविली. हे सर्वेक्षण स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेले होते, हे लक्षात घ्यावे लागते. तथापि प्रशिक्षकाचा प्रत्यक्ष सहभाग जेथे होता तेथे दुखापतींचे प्रमाण कमी आढळले, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

प्रतिबंधाची दिशा

प्रतिबंध समूहातही शक्य आहे, हे फुटबॉलने दाखविले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात १३ ते १७ वयोगटातील १,८९२ मुलींचा समावेश होता. धावणे, तोल, बळ आणि योग्य रीतीने उडीतून उतरणे यांवर आधारित सुमारे वीस मिनिटांच्या पूर्वतयारीने एकूण दुखापतींत जवळजवळ एक तृतीयांश घट झाली. २०१४ मधील २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही बलवर्धक व्यायाम विशेष परिणामकारक ठरला. नुसत्या ताणाच्या व्यायामाने तसा लाभ दिसला नाही. कोणाला दुखापत होईल याचे अचूक भाकीत कोणतीही एक चाचणी करू शकत नाही. म्हणून पूर्वीच्या दुखापतीची विचारणा, भाराची क्रमशः वाढ, थकव्याने हालचाल बिघडताच थांबण्याची मुभा आणि प्रत्येक कठीण क्रियेस सोपा पर्याय, ही भौतिकोपचाराची खरी देणगी ठरते.

निष्कर्ष

तीव्रता हे दुखापतीचे एकमेव कारण नाही. समूहाची गती व्यक्तीच्या क्षमतेपुढे धावते, तेव्हा धोका वाढतो. भौतिकोपचारकाचा सल्ला वर्गाच्या आखणीतच समाविष्ट करणे ही नवी कल्पना नसून, दोन शतकांपूर्वी एकत्र नांदलेल्या दोन विद्यांची पुनर्भेट आहे. व्यायामशाळा, महाविद्यालये आणि क्रीडासंस्था यांनी त्या दृष्टीने आपल्या प्रशिक्षणक्रमाचा फेरविचार करणे अगत्याचे आहे.