मागचा तांबडा दिवा: धाराशिवच्या रस्त्यांवरील एका खुणेचा इतिहास

डिसेंबरातील रात्र. धाराशिवहून येडशीकडे जाणाऱ्या महामार्गावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चाललेला असतो. ऊस मागे इतका बाहेर आलेला, की ट्रॉलीला दिवा असलाच तर तोही झाकला गेलेला. मागून येणाऱ्या कुटुंबाच्या मोठ्या गाडीचा चालक ऐनवेळी ब्रेक दाबतो आणि थोडक्यात वाचतो. पण त्याच्याही मागे कोणीतरी असते. त्या तिसऱ्या वाहनाला काय दिसले?

गाडीचा ब्रेक लाइट जळालेला असेल, तर काहीच दिसले नसेल. आणि चालकाला त्याचा पत्ताही नसेल. इंजिन तापले तर काटा वर चढतो, चाक बसले तर स्टिअरिंग ओढते, पुढचा दिवा गेला तर रस्ताच काळा पडतो. मागचा तांबडा दिवा मात्र सर्वस्वी दुसऱ्यासाठी लावलेला असतो. ज्याच्या गाडीवर तो आहे, त्याला तो चालवताना कधीच दिसत नाही. हा धागा त्याच दिव्याचा.

बैलगाडीच्या काळात रात्रीच्या प्रवासाला गाडीखाली, आसाजवळ, कंदील टांगत. त्याचा उजेड रंगीत नसे. बैलगाडीच्या वेगाला तेवढा पुरेसा होता. ‘मागे तांबडा दिवा’ ही शिस्त या जिल्ह्यात आणली ती रेल्वेने.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. १९०७ साली ही छोटी गाडी बार्शीहून निजामाच्या मुलुखात, तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. खुद्द उस्मानाबाद शहराला मात्र या गाडीने वळसाच दिला. शहराला स्टेशन मिळाले ते ब्रॉडगेजच्या कामात, एकविसाव्या शतकात.

रेल्वेत शेवटच्या डब्यावरील तांबड्या दिव्याला दुहेरी अर्थ असतो. मागून येणाऱ्याला तो थांबण्याची खूण देतोच. शिवाय स्टेशनमास्तरला सांगतो की गाडी पूर्ण आली आहे, मधेच तुटून तिचे डबे मागे राहिलेले नाहीत. हा दिवा दिसल्याखेरीज मागच्या गाडीला वाट मोकळी करून द्यायची नाही, हा नियम. म्हणजे दिवा गाडीचा, पण तो तपासण्याचे काम फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे. मोटारीच्या जगाने रंग उचलला. तो फलाटावरचा माणूस मात्र उचलला नाही.

रेल्वेचा आणखी एक धडा इथे नोंदवण्याजोगा आहे. आरंभीच्या सिग्नलांत पांढरा दिवा म्हणजे मार्ग मोकळा, असा संकेत होता. पण तांबडी काच फुटून पडली की ‘थांबा’ सांगणारा दिवा आपोआप पांढरा होई, म्हणजे ‘या’ म्हणू लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांढऱ्याची जागा हिरव्याने घेतली, त्यामागे हे एक कारण होते. आजही गाडीच्या मागच्या दिव्याची काच फुटली की आतला बिनरंगी बल्ब पांढरा उजेड फेकतो, आणि मागच्याला वाटते की गाडी रिव्हर्स घेत आहे. काचेवर तांबडी चिकटपट्टी लावून भागवणाऱ्यांना निदान एवढे तरी कळलेले असते.

मोटारी आल्या तेव्हा आधी आला तो टेललॅम्प, रात्रभर मंद जळणारा. तो ‘मी आहे’ एवढेच सांगतो. ‘मी थांबतो आहे’ हे सांगणारा ब्रेक लाइट ही नंतरची कल्पना. अमेरिकेतील मूकपटांची नायिका फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४च्या सुमारास अशी युक्ती केली होती, की ब्रेक दाबताच गाडीच्या मागे ‘थांबा’ असे लिहिलेली पाटी वर येई. तिने पेटंट घेतले नाही. पुढे हे काम विजेच्या दिव्याकडे गेले: पायाखालच्या पॅडलला एक स्विच, आणि त्या स्विचवर मागचा दिवा.

इकडे निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली, तीही रेल्वेच्याच खात्यामार्फत, २७ गाड्यांनिशी. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या मागे नेहमीच्या दिव्यांबरोबर ‘ब्लॅकआउट’ दिवेही असत. विमानातून दिसू नयेत म्हणून त्यांचा उजेड बारीक ठिपक्यांपुरता ठेवलेला असे, आणि मागच्या चालकाला अंतरानुसार कमी-अधिक ठिपके दिसत. किती दिसतात यावरून आपण पुढच्या गाडीच्या फार जवळ आलो की फार मागे पडलो, हे त्याने ताडायचे. मागच्या माणसाचा इतका बारीक विचार नंतरच्या फार थोड्या दिव्यांत आढळतो.

त्या युद्धानंतर तीनच वर्षांनी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल हाती घेतला आणि हैदराबादचा रस्ता खुला झाला. मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली होती १९४७ साली. युद्धातली ती गाडी पुढे गावोगावची झाली. मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून ती माणसे वाहू लागली. १९९४ साली टाटा सुमो आली, २००० साली बोलेरो, आणि ‘घरची मोठी गाडी’ ही वस्तू एमएच २५ च्या पाटीसह वाड्याच्या दारात उभी राहिली. ब्रेक लाइटची सक्ती १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १०२ व्या नियमात आहे.

मागच्या काचेवर मध्यभागी दिसणाऱ्या तिसऱ्या ब्रेक लाइटचा जन्म एका प्रयोगातून झाला. १९७४ साली जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतील ३४३ टॅक्सींना जादा दिवा लावला. मागून बसणाऱ्या धडका त्या टॅक्सींच्या बाबतीत निम्म्याहून अधिक घटल्या. १९८६च्या मॉडेलपासून अमेरिकेत मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. पण १९९८ साली सरकारी पाहणी झाली तेव्हा घट उरली होती ४.३ टक्के. दिवा नवा होता तोवर डोळा त्याच्याकडे ओढला जाई. सर्वांकडे आला तसा तो नजरेच्या सवयीचा झाला. तरीही ४.३ टक्के ही टाकून देण्यासारखी गोष्ट नव्हे, कारण दिवा अगदी स्वस्त होता.

आता घरच्या अंगणात. बहुतेक जुन्या गाड्यांत टेललॅम्प आणि ब्रेक लाइट एकाच बल्बमध्ये असतात: ५ वॅटची बारीक तार पहिल्यासाठी, २१ वॅटची जाड तार दुसऱ्यासाठी. म्हणूनच रात्री मागचा दिवा जळताना दिसतो आणि ब्रेक लाइट गेलेला कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंचे एकदम गेले असतील तर बल्बला दोष देण्याआधी फ्यूज आणि पॅडलचा स्विच पाहावा. एकच गेला असेल तर डिकी उघडून कडेचे स्क्रू काढावेत, दिवा सरळ मागे ओढावा, होल्डर फिरवून बाहेर घ्यावा. बल्ब दाबून फिरवला की सुटतो, अगदी घरातल्या पिनच्या बल्बसारखा. दोघांची बैठक एकाच कुळातली आहे.

फरक एवढाच की इथे दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. दुकानातून एकाच तारेचा बल्ब आणला आणि जोर लावून बसवला, तर दोन्ही वाहिन्या एकमेकींना चिकटतात, आणि ब्रेक दाबताच डॅशबोर्ड उजळण्यासारखे चमत्कार दिसू लागतात. होल्डरमध्ये हिरवट थर असेल तर तो पॉलिश पेपरने घासून काढावा. दिवा मिणमिणत असेल तर बहुधा अर्थिंग सैल असते. एलईडी दिव्यांच्या नव्या गाड्यांत ही सोय नाही. तिथे बहुधा अख्खा संच बदलावा लागतो.

शेवटचे काम एकट्याने होत नाही. कोणीतरी ब्रेक दाबायचा आणि कोणीतरी मागे उभे राहायचे.

“आई, दाब! ...लागला. आता सोड. परत दाब.”

“डावा लागतो का रे?”

“डावा लागतो. वरचा नाही.”