समस्त पांढरीची मजलस

मराठेशाहीतील एखादा महजर (सभेच्या निवाड्याचा कागद) वाचावयास घेतला, म्हणजे निवाडा काय झाला हे कळण्यापूर्वी माणसांची एक लांबलचक रांग ओलांडावी लागते. 'हाजीरमजालस' या शब्दाखाली दिवाणातील हवालदार-मुजुमदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे, त्यांच्या खाली गावोगावचे मोकदम, चौगुले, शेटे-महाजन आणि शेवटी सुतार, लोहार, न्हावी, परीट, महार असा क्रम लागलेला असतो. आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या नावापाशी त्यांच्या वृत्तीची निशाणी रेखाटलेली असते. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा! बोरूने चार रेघांत काढलेले ते नांगर पाहून प्रथम मौज वाटते, पण पाचपन्नास कागद नजरेखालून गेल्यावर ध्यानात येते, की या मजलसीत माणूस बसे तो आपल्या वतनाच्या जागेवर, आणि कोणी, केव्हा, किती बोलावे हे त्या जागेनेच पुष्कळसे ठरवून टाकलेले असे.

गोतसभेचे, म्हणजे पांढरीच्या (गावच्या वस्तीच्या) या मजलसीचे, काम ज्या रीतीने चाले, तिच्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग मला आरंभीचा वाटतो. वादाला तोंड फुटण्यापूर्वीच दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत, म्हणजे गोत जो निवाडा करील त्यास आम्ही राजी आहो अशी कबुली घेत (आज याच शब्दाने माणूस नोकरी सोडतो, ही भाषेची थट्टा), आणि तिच्या पाठीशी जामीन उभा करीत. ज्या मंडळींच्या हाती फौज नव्हती त्यांनी आपला अधिकार वादी-प्रतिवाद्यांच्याच तोंडून आधी वदवून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर तकरिरा (दोन्ही पक्षांची निवेदने) होत, पिढ्यान्‌पिढ्यांचे करीने (वतनाच्या हकिगती) वाचले जात, साक्षी पडत. स्वतःच्या गावचे गोत पक्षपाती आहे असा संशय असल्यास परस्थळी, दुसऱ्या गावच्या गोतापुढे, जाण्याची मोकळीक असे. आणि माणसांची अक्कल खुंटली, तर उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढण्याच्या दिव्यावर प्रकरण जाई. हरणाऱ्याने यजितपत्र (हार कबूल केल्याचा कागद) लिहून द्यावे, जिंकणाऱ्याने सरकारात हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम) भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी (दंड). म्हणजे सरकारचे नुकसान कोणत्याही निकालाने होत नसे.

मजलसीचा पुढारी पाटील. विडा आधी त्याला, होळीची पोळी त्याची, पोळ्याला बैल पुढे त्याचा. परंतु कारभार पाहिला तर लगाम बहुधा कुलकर्ण्याच्या बोटांत असे, कारण चावडीत जे बोलले गेले त्यातले कागदावर काय उतरावे हे त्याची लेखणी ठरवी, आणि वीस वर्षांनी तंटा पुन्हा उपटला की बोलणारे मेलेले असत, रुमालात बांधलेले दप्तर तेवढे शाबूत असे. पाटीलकी विकली किंवा भावाभावांत वाटली गेली, म्हणजे तर मानपानाचा हिशेब शेताच्या हिशेबापेक्षा बारीक होई. टिळा आधी कोणाला, सणाची वाजंत्री प्रथम कोणाच्या दारी वाजावी, कागदावर थोरल्याचा नांगर वर आणि धाकट्याचा खाली की दोन्ही शेजारी, अशी कलमे वाचून आजचा वाचक हसेल. मात्र ज्या गावात सर्वांनी एकमेकांच्या डोळ्यांदेखत जन्म काढावयाचा, तेथे अग्रक्रम लिहून ठेवणे हा भांडण टाळण्याचाच उपाय होता, जरी त्याच कलमांवरून पुढे नवी भांडणे पेटली.

या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी महाराची जागाही पाहावी. शिवेचा वाद आला की गावचा खरा जाणता तोच. देवाची शपथ वाहून तो ज्या रेषेने चालत जाई ती हद्द म्हणून दोन गावे मानीत. असा माणूस मजलसीत बसे मात्र वेगळा, सर्वांपासून दूर. पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या गावाला यात काही विसंगत वाटले नाही.

1818 साली पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारचा कमिशनर एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पंचायत-पद्धतीचे दोष त्याने लपविले नाहीत: पंच वेळेवर जमत नाहीत, त्यांना वेतन नाही, काम रेंगाळते. तरीही ती राखावी असाच त्याचा कल होता. तथापि मुनसफांच्या (दिवाणी न्यायाधीशांच्या) कचेऱ्या आल्या, कंपनीचे 1827 चे कायदे आले, आणि ज्याला गोताचा निवाडा नको असेल त्याला अपिलाची वाट मोकळी झाल्यावर आधी राजीनामा लिहून देण्यास कोण तयार होणार? 1915 साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' हा गावच्या व्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिला, तोवर गाड्याची चाके बरीच निखळली होती. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली. महजरांवरचे नांगर आणि तागड्या त्याच्या कितीतरी आधी दिसेनाशा झाल्या होत्या. निरक्षराच्या नावापुढे दस्तऐवजात पुढे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' एवढेच लिहू लागले, आणि तो अंगठा सुताराचा की पाटलाचा हे कागदावरून कळेनासे झाले.