चिठ्ठी वाचणारा आणि मोबाइल चालवणारा



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला. घरात इंटरनेट कोण कशासाठी वापरतं? मग काय, बैठक लांबली. आज्या म्हणाल्या, आम्ही कीर्तन ऐकतो, सुरतेला दिलेल्या लेकीचं तोंड बघतो. सुना म्हणाल्या, गटाचे निरोप, ब्लाउजचे नमुने, बाजारातला कांद्याचा भाव. कॉलेजातल्या पोरींनी परीक्षेचे फॉर्म आणि भरतीच्या जाहिराती सांगितल्या. शाळकरी पोरांचं विचारूच नका, अभ्यास थोडा आणि गेम फार.

मग दुसरा प्रश्न विचारला. तुमच्या मोबाइलचा आणि बँकेचा पिन कोणाला ठाऊक आहे? तेव्हा सगळ्या गप्प. बहुतेकींचा पिन मुलाला नाहीतर नातवाला ठाऊक होता. तिघींना तर स्वतःचाच पिन माहीत नव्हता.

आपल्याला वाटतं, हे सगळं मोबाइलनं आणलं. पण ही गोष्ट जुनी आहे. आज तीच सांगायची आहे.

आपल्या देशात टपालाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली. कोकणातले आणि घाटावरचे गडी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जायचे आणि घरी पैसे धाडायचे. पैसे बाईच्या नावावर यायचे, पण तिला सही येत नव्हती. ती अंगठा उठवायची. सोबतचा मजकूर पोस्टमन वाचून दाखवायचा, नाहीतर शाळेत जाणारा दीर. नवऱ्यानं काय लिहिलंय ते तिच्याआधी ओटीवर बसलेल्या सगळ्यांना कळायचं. उत्तरही दुसऱ्याच्याच हातानं लिहायचं. मग सासूचा जाच कसा सांगणार? आजारपण कसं सांगणार? 'इकडे सर्व खुशाल' एवढंच पत्रात जायचं.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं एक मोठा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ ऐकण्याचे गट तयार झाले. शेतीचे कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. कल्पना फार चांगली होती. पण त्या गटांत बसणारे बहुतेक पुरुषच होते. ज्या शेतात बाई दिवसभर खुरपत होती, त्याच शेताची चर्चा तिच्यावाचून होत होती.

पुढं १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली. दिवसभर राबून माणसं कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. त्यांत बायाही होत्या. ज्या बाईला अक्षर आलं, तिला पोस्टमनकडून पत्र वाचून घ्यायची गरज उरली नाही. 'सर्व खुशाल'च्या पुढचंही ती लिहू शकली. पत्र तेच, टपालपेटी तीच. फरक एवढाच पडला की मधला माणूस गेला.

मैत्रिणींनो, हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत तो कामाला येणार आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. तेव्हा ते मोठ्या शहरांत, फोनच्या तारेवरून चालायचं आणि फार महाग होतं. पण तीनच वर्षांत, १९९८ साली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात ७० गावं संगणकानं जोडायचा प्रकल्प हाती घेतला गेला. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी हा त्यामागचा एक हेतू होता. खेड्याला हे जमणार नाही म्हणणाऱ्यांना ते चोख उत्तर होतं. पण ऊस कोणाच्या नावावर? सातबारा कोणाच्या नावावर? बहुतेक घरांत पुरुषाच्या. मग संगणकासमोर जाण्याचं कामही त्याचंच ठरलं.

२०१६ च्या सप्टेंबरनंतर नेट स्वस्त झालं आणि खेड्यापाड्यांत घरोघर पोचलं. घराघरात पोचलं म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळालं असं मात्र नाही. २०१९ ते २१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात देशातल्या खेड्यांतल्या १०० पुरुषांमागे सुमारे ४९ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. बायांमध्ये १०० मागे सुमारे २५. म्हणजे निम्म्याच.

त्याच काळात करोनामुळे शाळा बंद पडल्या. घरात मोबाइल एक आणि पोरं तीन. सकाळी बाप कामाला गेला की मोबाइलही त्याच्या खिशातून जायचा. संध्याकाळी परत आला की तो आधी कोणाच्या हातात पडायचा, हे तुम्हीआम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मुलाला अभ्यासासाठी मोबाइल हवा, आणि मुलीच्या हाती दिला तर ती बिघडेल! तोच मोबाइल, तेच नेट.

आता घरात उलटा प्रकार झालाय. पूर्वी सासू सुनेला शिकवायची. आज बारा वर्षांची नात आजीला शिकवते. यात वाईट काही नाही. आजीनं नातीकडून शिकावं, त्यात गंमतही आहे. पण शिकवणं वेगळं आणि "आण इकडे, मी करून देतो" म्हणणं वेगळं. करून देणारा नातू म्हणजे पुन्हा तोच चिठ्ठी वाचणारा. पोरगं मायाळू असेल, पण तुमचा हिशोब त्याच्या हातात राहतो.

आमच्या गटातल्या एका मावशींचं असंच झालं. खात्यातून थोडेथोडे करून दोन हजार रुपये गेले. नातू गेममध्ये घालवत होता. बँकेचे मेसेज येत होते, पण वाचायचे त्यानंच आणि पुसायचे त्यानंच. मावशी रडल्या त्या पैशांसाठी नाही. "मला अक्षर येतं गं, मी कधी बघितलंच नाही," असं म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या गटानं ठरवलं. दर बैठकीत हप्ता जमा झाला की अर्धा तास मोबाइल शिकायचा. कॉलेजातल्या पोरी शिकवतात, पण हात लावत नाहीत. बोट शिकणारीचंच चालतं. पहिल्यांदा पिन स्वतः बदलायचा. मग बँकेचा मेसेज स्वतः वाचायचा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरावर फोन करायचा. आणि मुलीच्या हातचा मोबाइल काढून घेण्याआधी स्वतःला विचारायचं, मुलाच्या हातचा काढला असता का?

त्या मावशींनी परवा आपल्या लेकीला पहिला मेसेज स्वतः लिहून पाठवला. काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही. आम्ही विचारलंही नाही. त्यांचं पत्र आता त्यांचं आहे.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही तो दुसरा प्रश्न विचारून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.