सीतापाराइट
सीतापाराइट : मँगनीज व लोह यांचे ऑक्साइड असलेल्या एका काळपट, धातूसारख्या चकाकीच्या खनिजाचे जुने नाव. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ल्यूइस ली फर्मर यांनी ते छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावावरून दिले आणि भारतातील मँगनीज धातुकांवरील 1909 च्या ग्रंथात या खनिजाचे वर्णन केले. आज ते बिक्सबाइट या खनिजाहून वेगळे मानले जात नाही.

आढळ : ज्या रूपांतरित खडकांच्या पट्ट्यात ही धातुके आहेत, त्याला 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात असलेल्या सौसरवरून सौसर समूह म्हणतात; हा पट्टा छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत जातो. त्यातील गोंडाइट हा खडक मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांचा बनलेला असून गोंड समाजावरून त्याचे नाव फर्मर यांनीच ठेवले.

ओळख व अणुरचना : धातुकाच्या ढेपेत ब्राउनाइट व सीतापाराइट शेजारी असले, तर दोन्ही काळी, जड व कठीण असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी त्यांचा भेद करणे अवघड जाते. फर्मर यांच्या काळी मुख्य आधार रासायनिक पृथक्करणाचा होता; परंतु पृथक्करणातून मूलद्रव्यांचे प्रमाण कळते, त्यांच्या अणूंची मांडणी कळत नाही, आणि खनिजाची ओळख या मांडणीवर अवलंबून असते. मोझली यांनी 1913–14 मध्ये मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजून अणुक्रमांकाला प्रायोगिक अर्थ दिला. त्यात मँगनीज 25 व लोह 26 असे लगतचे ठरतात. या खनिजात दोन्ही धातू त्रिसंयुजी रूपात जवळपास सारख्या आकाराचे असल्याने एकाची जागा दुसरा घेतो, म्हणून नमुन्यागणिक त्यांचे प्रमाण बदलते आणि केवळ प्रमाणावरून नवे खनिज ठरवणे धोक्याचे होते.

निर्णायक साधन मात्र लाउए यांच्या सूचनेवरून 1912 मध्ये झालेल्या प्रयोगातून आले : स्फटिकातून जाताना क्ष-किरणांचे विवर्तन होते, म्हणजे ते ठरावीक दिशांना विखुरतात, आणि ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली. त्याच रीतीने पॉलिंग व शॅपेल यांनी 1930 मध्ये बिक्सबाइटची रचना, झकारियासेन यांचा आधीचा आराखडा दुरुस्त करून, निश्चित केली. तिची एकक कोशिका, म्हणजे जिच्या पुनरावृत्तीने स्फटिक बनतो ती पेटी, घनाकृती असून तीत 32 धातू-अणू व 48 ऑक्सिजन-अणू असतात. प्रत्येक धातू-अणूभोवतीच्या घनाच्या आठ कोपऱ्यांपैकी सहांवरच ऑक्सिजन असतो. बिक्सबाइट हे नाव 1897 मधील, अमेरिकेतील यूटा राज्यातल्या नमुन्याचे. ते आधीचे असल्याने तेच टिकले. तरीही फर्मर यांची निरीक्षणे सौसर पट्ट्याच्या अभ्यासात मूलभूतच मानली पाहिजेत.

उपयोग : इतर मँगनीज धातुकांबरोबर, मुख्यतः पोलादनिर्मितीत.