शब्दांचे साम्य आणि इतिहासाचा पुरावा

एका अभ्यासवर्गात माझे बोलणे संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, ख्रिस्ती लोकांचे 'आमेन', मुसलमानांचे 'आमीन' आणि ब्राह्मणांचे 'ओम' हे तिन्ही शब्द इजिप्तच्या आमुन देवापासून आले, हे खरे ना?" प्रश्नामागची इच्छा मला कळत होती. ज्यांनी आपल्या शब्दांभोवती पावित्र्याचे कुंपण घातले, त्यांचे शब्दही उसने आहेत हे त्याला दाखवून द्यायचे होते. तरीही मी 'नाही' म्हणालो. का म्हणालो, आणि त्याचा प्रश्न तरीही मोलाचा का होता, ते येथे मांडतो.

'आमेन' हा हिब्रू शब्द. तो ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ स्थिर असणे, विश्वासास पात्र असणे. श्रद्धेला हिब्रूत 'एमुना' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. आमुन या नावाचा अर्थ मात्र 'गुप्त', 'लपलेला' असा सांगितला जातो. प्राचीन इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नसत. आज आपण करतो तो उच्चार ग्रीक, कॉप्टिक इत्यादी लेखनावरून ठरवलेला आहे. म्हणजे आपल्या कानाला जाणवणारे साम्य ज्या स्वरांवर उभे आहे, ते मूळ लेखनात नाहीतच. बायबलातील यिर्मयाच्या ग्रंथात तर इजिप्तच्या या आमोन देवाला शासन करण्याची भाषा आहे. हिब्रू लेखकांना तो परक्यांचा देव म्हणून ठाऊक होता. 'आमीन' हे 'आमेन'चेच अरबी रूप. 'ओम'विषयी छांदोग्य उपनिषद स्वतःच सांगते की ते अनुमतीचे, होकाराचे अक्षर आहे. दोन्ही शब्द होकाराचे आहेत, एवढेच साम्य. एक दुसऱ्यापासून निघाला, असे त्यावरून ठरत नाही.

मग शब्दांच्या साम्यावरून काहीच सिद्ध होत नाही काय? होते. पण त्यासाठी कानाला गोड लागणे पुरत नाही, नियम लागतो. संस्कृत आणि अवेस्ता यांची तुलना पाहा. संस्कृतात 'सप्त', अवेस्तात 'हप्त'. संस्कृतात 'सोम', तेथे 'हओम'. 'सिंधू'चे 'हिंदु'. अशा कितीतरी शब्दांत 'स'च्या जागी 'ह' आढळतो. याच नियमाने 'असुर' आणि 'अहुर' हे एकच शब्द ठरतात. अर्थही जुळतो: स्वामी, प्रभू. झरथुष्ट्राचा परमेश्वर अहुर मझ्द, आणि ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटले आहे ते गौरवाने. उलट, आपल्याकडचा 'देव' तेथे 'दएव' म्हणजे दैत्य झाला. मितान्नी राजाच्या सुमारे इ. स. पू. 1380 च्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे साक्षीला घेतली आहेत. त्यांपैकी इंद्र आणि नासत्य अवेस्तात दुष्टांच्या यादीत जाऊन बसले. मित्र मात्र पूज्य राहिला.

पुढे आपल्याकडे असुराचा राक्षस झाला. एवढेच नव्हे, 'असुर' शब्दातला 'अ' नकाराचा आहे असे मानून तो काढून टाकला आणि 'सुर' म्हणजे देव असा नवाच शब्द पाडला. मूळ शब्दात हा नकार नव्हता. म्हणजे राक्षसपण शब्दाच्या अंगी जन्मतः नसते. ते लावले जाते, आणि लावणाऱ्याच्या हाती पोथी असते.

महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. ज्या बळीचे राज्य येवो असे शेतकऱ्याच्या घरातली बाई दर वर्षी ओवाळताना म्हणते, तो बळी पुराणात असुर कसा? हा प्रश्न विचारताना त्यांनी काही व्युत्पत्तीही दिल्या: 'म्हसोबा' हा 'महासुभा'पासून, 'महार' हा 'महाअरि'पासून. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, हे आपणच मोकळेपणाने म्हटले पाहिजे. त्याने फुल्यांचा प्रश्न लहान होत नाही. त्या प्रश्नाला 'असुर' शब्दाचा खरा इतिहासच बळ देतो. ओढूनताणून आणलेल्या आधाराची गरज नाही.

आपण याबाबत इतके कडक का असावे? कारण खोट्या व्युत्पत्तीचा मार आपण खाल्ला आहे. छांदोग्य उपनिषदात रैक्व हा जानश्रुती राजाला 'शूद्र' म्हणून हाक मारतो आणि तरीही त्याला विद्या देतो. शूद्राला विद्या मिळाल्याचा हा दाखला ब्रह्मसूत्रकारांना अडचणीचा झाला. म्हणून 1.3.34 या सूत्रात सांगितले गेले की येथे 'शूद्र' म्हणजे जातीने शूद्र नव्हे. शोकाने धावत आला म्हणून शूद्र. शंकराचार्यांनी भाष्यात तीच वाट धरली. एका शब्दाची फोड केली आणि शूद्रांसाठी विद्येचे दार बंद राखले. बाबासाहेबांनी 1946 च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात असल्या फोडी कृत्रिम ठरवल्या आणि शूद्र हे एका लोकसमूहाचे नाव असल्याचे मत मांडले.

त्याच बाबासाहेबांनी 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात 'दास' आणि अवेस्तातील 'दहाक' यांचे नाते जोडले आणि दास म्हणजेच नाग असे अनुमान केले. 'अझि दहाक' यातला 'अझि' म्हणजे संस्कृत 'अहि', सर्प. हे नियमात बसते. 'दास' आणि 'दहाक' यांतही 'स'-'ह' जुळतात. परंतु तेथून एका मानवसमूहाच्या इतिहासापर्यंतचे पाऊल केवळ शब्दावर टाकता येत नाही. त्याला शिलालेख, उत्खनन, लोकपरंपरा यांची साथ हवी. स्वतः बाबासाहेबांनी प्रस्तावनेत आपला सिद्धान्त अंतिम असल्याचा दावा केलेला नाही. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी तो दावा त्यांच्या वतीने करू नये.

त्या तरुणाला मी तीन प्रश्न लिहून दिले. ध्वनींचा बदल अनेक शब्दांत तसाच दिसतो काय? अर्थ जुळतो काय? आणि शब्द एका लोकांकडून दुसऱ्या लोकांकडे जाण्याचा मार्ग, निदान दोघांचे समान मूळ, दाखवता येते काय? त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि लगेच विचारले, "मग सर, 'विठ्ठल' हा शब्द कुठला?" मी म्हटले, आता तूच शोध. पुढच्या वर्गात तू बोल, आम्ही ऐकतो.