ग्रेहॉक : एका प्रतिसृष्टीचा योगक्षेम

विश्वामित्रानें त्रिशंकूसाठीं प्रतिसृष्टि निर्माण केली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ती सृष्टि पुढें कोणीं सांभाळली, तिच्या नद्यांचे व नगरांचे नकाशे कोणीं छापले, हे प्रश्न पुराणकारांस पडले नाहींत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत मात्र अशा प्रतिसृष्टींचा रीतसर व्यापार सुरू झाला. आणि व्यापार म्हटला कीं नेमके हेच प्रश्न पुढें येतात.

ज्या खेळांतून हा व्यापार निघाला, त्याचें नांव ‘डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स’. चार-सहा मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र पत्करतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, प्रत्येकजण आपल्या पात्राची कृति सांगतो, आणि यशापयश फांशांवर ठरतें. येथें सोंगटी घरांत नेऊन डाव संपत नाहीं. तीच पात्रें घेऊन तीच मंडळी वर्षानुवर्षें खेळत राहतात. एवढा काळ चालणाऱ्या कथेला मग भूमि लागते, राजे लागतात, देवता लागतात, इतिहास लागतो.

विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं गॅरी गायगॅक्स यानें १९७२ सालीं स्वतःच्या घराच्या तळघरांत ग्रेहॉक नांवाच्या किल्ल्याची कल्पना रचली. प्रथम त्यांत उतरलीं तीं त्याचींच दोन मुलें. डेव्ह अर्नेसन याच्या साह्यानें सिद्ध झालेले खेळाचे नियम १९७४ सालीं छापले गेले. पहिली आवृत्ति एक हजार प्रतींची होती. जग ज्याचें त्यानें रचावें, प्रकाशकानें केवळ नियम द्यावे, अशी त्या वेळची समजूत होती. परंतु तयार जगाला गिऱ्हाईक आहे असें दिसून आलें, आणि १९८० सालीं गायगॅक्सच्या टी. एस. आर. या संस्थेनें ग्रेहॉकचें जग बत्तीस पानांची पुस्तिका व दोन भव्य नकाशे या रूपानें विकावयास काढलें. डार्लीन या चित्रकर्त्रीचे ते षट्कोनी घरांचे नकाशे आजही रसिक जपून ठेवतात. १९८३ सालीं तेंच जग विस्तार पावून पेटीच्या रूपानें आलें.

येथपर्यंत निर्माता आणि धनी एकच होता. १९८५ सालीं संस्थेच्या भागभांडवलावरील ताबा लॉरेन विल्यम्स यांच्याकडे गेला आणि पुढील वर्षीं गायगॅक्स संस्थेबाहेर पडला. तडजोडींत त्याला आपल्या कादंबऱ्यांतील गोर्ड हा नायक मिळाला. ग्रेहॉकची भूमि मात्र संस्थेकडे राहिली. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत गायगॅक्सनें त्या जगाचा सरळ संहारच करून टाकला. त्याच वर्षीं संस्थेनें ग्रेहॉकच्या किल्ल्यावर एक पुस्तक काढलें. तें होतें विडंबन! निर्मात्याचा क्रोध समजण्यासारखा आहे. परंतु ज्या किल्ल्याच्या खऱ्या आराखड्याची गिऱ्हाइकें वर्षानुवर्षें वाट पाहत होतीं, त्याच्या नांवावर त्यांना थट्टा विकणें हें व्यापाराच्या दृष्टीनेंही शहाणपणाचें नव्हतें.

संस्थेला ग्रेहॉकची निकड उरली नव्हती, हें त्याचें एक कारण. १९८४ पासून ‘ड्रॅगनलान्स’ चालू होतें. १९८७ सालीं एड ग्रीनवुड या कॅनडावासी ग्रंथपालाचें ‘फरगॉटन रेल्म्स’ आलें आणि तेंच पट्टराणी झालें. त्यामागोमाग स्पेलजॅमर, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट अशीं जगें एकामागून एक निघालीं. प्रत्येक जग देखणें होतें, पण हिशेब उलटा होता. एका जगाचा रसिक दुसऱ्या जगाचीं पुस्तकें घेत नसे. छपाईचा खर्च प्रत्येक पुस्तकाला तेवढाच, गिऱ्हाईक मात्र विभागलेलें. ग्रेहॉकवर १९९१ सालीं महायुद्ध लादून त्याला नवी कळा आणण्याचा प्रयत्न झाला. कार्ल सार्जंट यानें त्या उद्ध्वस्त भूमीचें चित्र समर्थपणें रंगविलें. तरीही १९९३ सालीं ती शाखा बंद करण्यांत आली. त्याचा एक पूर्ण झालेला ग्रंथ छापखान्यांत गेलाच नाहीं; १९९५ सालीं तो संगणकावर फुकट वाटला गेला. पुढें पुस्तकविक्रेत्यांकडून न खपलेला माल परत आला, कर्ज सुमारें तीन कोटी डॉलरांवर गेलें, आणि १९९७ सालीं ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें टी. एस. आर. विकत घेतली.

येथें कोणी विचारील, प्रकाशकानें हात काढला म्हणून काय बिघडलें ? कपाटांतील पुस्तक तर कोणी नेत नाहीं. हें खरें, जुन्या मंडळींचा खेळ थांबला नाहीं. परंतु नवा खेळाडू दुकानांत जातो आणि जें तेथें मिळतें त्या जगांत शिरतो. परगांवच्या दोन अनोळखी मंडळींत एका नगराचें नांव घेतांच ओळख पटावी, हा जो समाईक भूगोल, तो नव्या छपाईवांचून आटत जातो.

नव्या धन्यानें हें ओळखलें, पण सगळींच जगें घरांत पोसण्याचें नाकारलें. कांहीं जगें भाड्यानें दिलीं : रेव्हनलॉफ्ट २००१ सालीं दुसऱ्या प्रकाशकाकडे, तर ड्रॅगनलान्स २००३ सालीं मूळच्या निर्मात्यांपैकीं मार्गारेट वाइस यांच्याच संस्थेकडे गेलें. ग्रेहॉकला २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत मूळ पीठाचा मान मिळाला. शिवाय त्या भूमींतील एकेक राज्य पृथ्वीवरील एकेका प्रांताच्या खेळाडूंकडे सोंपविण्यांत आलें. स्वयंसेवकांनीं लिहिलेले प्रसंग ते २००८ पर्यंत खेळत होते. कारभार रयतेच्या हातीं आणि सनद सरकारची, असाच तो प्रकार होता. त्याच २००८ च्या मार्च महिन्यांत गायगॅक्स लेक जिनीव्हा येथें निवर्तला.

मध्यंतरीं २००९ सालीं कंपनीनें जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रतींची विक्री एकाएकीं थांबविली आणि २०१३ सालीं ती पुन्हां सुरू केली. पैसे मोजण्यास तयार असलेल्या वाचकालाही जुना ग्रंथ त्या चार वर्षांत रीतसर मिळेना. २०१६ पासून ठराविक जगांवर रसिकांनीं स्वतः लिहून विकावें, असा मार्ग खुला झाला. पण कोणतें जग केव्हां उघडावयाचें, ही किल्ली कंपनीच्याच कमरेला राहिली.

२०२४ सालीं सूत्रधाराच्या ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली. नमुन्याचें जग म्हणून तींत ग्रेहॉकच घेतलें आहे, नकाशासुद्धां. काळ मात्र १९८३ च्या पेटीतला आहे; १९९१ सालीं छापलेलें महायुद्ध तेथें अजून झालेलेंच नाहीं.