शिरोरेषेचा भार

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या बाजारात अक्षराला दुरून वाचले जाण्याची निकड असते. म्हणून पाटीवरचे अक्षर जाड हवे. परंतु अक्षर जाड करणे म्हणजे केवळ शाई वाढविणे नव्हे. त्यामागे लिपीची घडण असते आणि त्या घडणीला इतिहास असतो.

रोमन लिपीतील ठळक ‘सेरिफ’ अक्षर पाहावे. उभ्या दांड्या जाड, जोडरेषा बारीक आणि दांडीच्या टोकाला लहानशी आडवी बैठक. या बैठकीमुळे अक्षर ओळीवर स्थिर उभे राहते. मथळा, मुखपृष्ठ, जाहिरात यांना ते शोभते. अख्खे पुस्तक त्यात छापले तर मात्र डोळे शिणतात.

मराठीच्या आरंभीच्या छपाईला रोमन अक्षरांचाच आश्रय घ्यावा लागला. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांची इच्छा वेगळी होती. देशी लिपीत ग्रंथ छापावेत, असे त्यांनी १६०८ साली वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात सुचविले होते. अडचणही सांगितली होती : युरोपात २४ साचे पुरतात, येथे ६०० लागतील. हे पुराण देवनागरीत छापून आले ते १९५६ साली, पुण्याहून, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. मध्ये ३४० वर्षे गेली. मराठीत रचलेला ग्रंथ, पण छापील प्रत रोमन न जाणणाऱ्या मराठी वाचकाला परकी!

दरम्यान देवनागरीचे खिळे तयार झाले होते. १८०५ साली विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे छापले गेले, त्यात ते वापरले होते. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अक्षरे घडविली. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी मराठी वाचकाच्या डोळ्यांना वळण लावले. त्या अक्षरांतील जाड-बारीक रेषांचा मेळ मूळचा बोरूचा. तिरप्या कापलेल्या टोकाने तो आपोआप साधतो.

देवनागरीला पायाशी बैठक नाही. तिची अक्षरे शिरोरेषेला लटकतात. ओळ सांभाळण्याचे काम ती रेषाच करते. सोलापुरात मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या कन्नड आणि तेलुगू यांच्या लिप्यांत अशी सलग रेषा नाही. तेथे बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर सुटी खूण असते. म्हणून एका लिपीच्या जाडपणाचे माप दुसरीला जसेच्या तसे लावता येत नाही. देवनागरीत शिरोरेषा जाड केली की खाली जागा उरत नाही. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’ यांच्या पोकळ्या बुजतात, आणि हलक्या कागदावर शाई पसरली की उरलासुरला उजेडही जातो.

आज संगणकावर एका कळीसरशी अक्षर जाड होते. फादर स्टीफन्सना अडविणारी साच्यांची संख्या आता आड येत नाही. परंतु आतली पोकळी न राखता नुसती जाड केलेली अक्षरे दुरून काळा पट्टाच दिसतात. आपल्या लिपीत छापले जाण्यासाठी एका ग्रंथाला इतकी वाट पाहावी लागली, हे जाणणाऱ्यांनी तरी ती लिपी वाचता येईल अशीच छापावी.